विश्वाला कर्ता हवाच काय?

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला की गावोगावच्या विहारांतून 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन सुरू होते. वाचन तिसऱ्या खंडात, अधम्म कशाला म्हणावे या भागावर आले की ऐकणाऱ्यांत थोडी चुळबूळ होते. ईश्वरावरील विश्वास हा धम्माचा भाग नाही, असे परमपूज्य बाबासाहेबांनी तेथे स्वच्छ मांडले आहे. मग मागे बसलेली एखादी आजी, नाहीतर बारावीला विज्ञान घेतलेला एखादा मुलगा विचारतोच, "ते सारे खरे, पण हे चंद्र-सूर्य, ही पृथ्वी, हे कोणीतरी केलेच असेल ना?" वाचन करणारे उपासक बहुधा "ते पुढे येईल" असे म्हणून पान उलटतात.

वाचक बंधुभगिनींनो, हा प्रश्न पान उलटून टाळण्यासारखा नाही. आपण टाळला तर त्याचे उत्तर मुलाला दुसरे कोणीतरी देते, आणि त्या उत्तराबरोबर आणखी काय काय घरात शिरते हे आपल्या समाजाने पिढ्यान् पिढ्या भोगले आहे. म्हणून या वेळच्या सदरात आम्ही हाच प्रश्न घेतला आहे.

मडके आणि कुंभार

कर्ता मानणाऱ्यांचा सर्वांत सोपा दाखला मडक्याचा आहे. मडके आहे म्हणजे कुंभार असलाच पाहिजे. तसे जग आहे म्हणजे जगाचा कुंभारही असलाच पाहिजे. इंग्लंडमध्ये विल्यम पेली या धर्मोपदेशकाने १८०२ साली हाच मुद्दा घड्याळाचा दाखला देऊन मांडला. घड्याळ सापडले म्हणजे घड्याळजी असणारच, असे त्याचे म्हणणे होते.

दाखला ऐकायला गोड आहे, पण तपासला की गळतो. पहिली गोष्ट अशी की कुंभार माती निर्माण करीत नाही. माती, पाणी आणि विस्तव आधीच असतात. तो फक्त त्यांना आकार देतो. मग जगाच्या कुंभाराने माती कोठून आणली? दुसरी गोष्ट, मडके पाहून आपल्याला कुंभार आठवतो, कारण चाक फिरविणारा कुंभार आपण डोळ्यांनी पाहिलेला आहे. जग तयार करताना कोणाला कोणी पाहिले? तिसरी गोष्ट, प्रत्येक वस्तूला कर्ता हवाच असेल तर त्या कर्त्याचा कर्ता कोण? "तो स्वयंभू आहे" असे उत्तर येते. एखादी गोष्ट स्वयंभू असू शकते हे एकदा मान्य केले, तर तो मान विश्वालाच का देऊ नये? मध्ये एक पायरी वाढवून प्रश्न सुटत नाही, तो फक्त एक घर पुढे सरकतो.

तथागतांनी हा प्रश्न अडीच हजार वर्षांपूर्वी याच रीतीने तपासला. दीघनिकायातील तेविज्ज सुत्तात ही हकीकत आहे. कोसल देशातील मनसाकट गावाजवळ, अचिरवती नदीकाठच्या आमराईत भगवान उतरले असता वासेट्ठ आणि भारद्वाज हे दोन ब्राह्मण तरुण त्यांच्याकडे आले. ब्रह्म्याशी एकरूप होण्याचा खरा मार्ग कोणाचा, यावर त्यांचा वाद पडला होता. भगवंतांनी साधा प्रश्न केला. तुमच्यापैकी, तुमच्या गुरूंपैकी, गुरूंच्या सात पिढ्यांपैकी, मंत्र रचणाऱ्या ऋषींपैकी कोणी ब्रह्म्याला समोरासमोर पाहिले आहे काय? उत्तर नकारार्थी आले. तेव्हा ते म्हणाले की ही तर आंधळ्यांची रांग झाली. पुढच्याला दिसत नाही, मधल्याला दिसत नाही, मागच्यालाही दिसत नाही. वाडा कोठे आहे, किती उंच आहे हे ठाऊक नसताना चौरस्त्यावर जिना बांधणाऱ्याचीही उपमा त्यांनी दिली.

याच निकायातील पहिल्या सुत्तात महाब्रह्म्याची एक कथा आहे. जग नव्याने आकाराला येत असता ब्रह्मलोकात तो सर्वांच्या आधी आला. एकटेपणाचा कंटाळा येऊन, आणखी कोणी यावे असे त्याला वाटले. पुढे आपापल्या कारणाने दुसरे आले. तेव्हा, "मला वाटले म्हणून हे आले, म्हणजे मीच यांचा निर्माता" अशी त्याची समजूत झाली आणि नंतर आलेल्यांनीही ती मान्य केली. सकाळी कचेरीत सर्वांच्या आधी येऊन बसलेल्या साहेबाने, कारकून येताच, "यांना मीच जन्माला घातले" असे म्हणावे, तसाच हा प्रकार!

विज्ञान काय सांगते

आता विज्ञानाकडे वळू. सन १९२७ मध्ये बेल्जियमच्या जॉर्ज लमेत्र यांनी गणिताने दाखविले की विश्व स्थिर नसून प्रसरण पावत आहे. १९२९ मध्ये अमेरिकेत एडविन हबल यांनी मोजमापातून मांडले की दूरच्या दीर्घिका आपल्यापासून लांब जात आहेत आणि जी जितकी दूर तितका तिचा वेग अधिक. लांब जाणाऱ्या गोष्टी पूर्वी जवळ असणार. म्हणून १९३१ मध्ये लमेत्र यांनी कल्पना मांडली की सारे विश्व आरंभी अतिशय दाट अशा अवस्थेत असावे. यालाच पुढे महास्फोटाचा सिद्धांत म्हणू लागले.

याचा मोठा पुरावा अनपेक्षितपणे हाती आला. १९६४ मध्ये अमेरिकेत पेन्झियस आणि विल्सन या दोघांना त्यांच्या रेडिओ अँटेनात एक बारीक खरखर ऐकू येऊ लागली. अँटेना कोठेही वळविली तरी ती जाईना. आत पारवे घाण करीत होते, तीही साफ करून पाहिली. शेवटी कळले की ही खरखर आकाशाच्या सर्व बाजूंनी येत आहे. विश्वाच्या तप्त बालपणातील प्रारण निवत निवत आज शून्याखाली सुमारे २७० अंश सेल्सिअसपर्यंत आले आहे. १९७८ साली या शोधाला नोबेल पारितोषिक मिळाले. जुन्या टीव्हीवर स्टेशन लागत नसताना ज्या मुंग्या दिसायच्या, त्यांतही थोडासा वाटा याच प्रारणाचा असे. सर्व मोजमापांचा मेळ घालून आज विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे आणि पृथ्वीचे सुमारे ४५४ कोटी वर्षे ठरते.

तारे कशाचे बनले आहेत याची किल्ली आपल्या देशातल्या एका शास्त्रज्ञाने दिली. ढाक्याजवळच्या खेड्यातील एका लहानशा दुकानदाराचे पुत्र डॉ. मेघनाद साहा यांनी १९२० मध्ये मांडलेल्या समीकरणामुळे ताऱ्याच्या प्रकाशावरून त्याचे तापमान आणि घटक ओळखता येऊ लागले. त्याच समीकरणाच्या आधारे सेसिलिया पेन या तरुण विदुषीने १९२५ मध्ये दाखविले की तारे मुख्यत्वे हायड्रोजनचे बनलेले आहेत. पुढे हेही कळले की आपल्या रक्तातील लोह आणि हाडांतील कॅल्शियम ताऱ्यांच्या भट्टीत तयार झाले आहे. हेच मेघनाद साहा कलकत्त्याच्या ईडन हिंदू वसतिगृहात शिकत असताना, ते खालच्या समजल्या जाणाऱ्या जातीचे म्हणून सोबतच्या विद्यार्थ्यांनी त्यांच्या पंक्तीला जेवायला हरकत घेतली होती. ताऱ्यांची घडण उलगडणाऱ्याच्या वाट्यालाही जात चुकली नाही.

या साऱ्या हिशेबात कोठेही, "येथे देवाने हात घातला" अशी नोंद करावी लागलेली नाही. मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. महास्फोटाच्या अगदी पहिल्या क्षणी काय होते, त्याआधी काही होते की नाही, हे विज्ञानाला आज सांगता येत नाही. कर्ता मानणारे नेमके येथेच बोट ठेवतात आणि म्हणतात, "पाहा, तेथे ईश्वर आहे!"

उचंत खाते

आम्ही वाणिज्य शाखेचे, आणि रोजचे काम जमाखर्चाचे. तेरीज जुळली नाही की फरकाची रक्कम तात्पुरती सस्पेन्स खात्यात, जुन्या भाषेत उचंत खात्यात, टाकावी लागते हे हिशेब लिहिणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. त्या खात्याचा अर्थ एवढाच की फरक आहे, पण तो कशाचा हे अजून सापडलेले नाही. चूक सापडली की रक्कम योग्य खात्यात जाते आणि उचंत खाते बंद होते. कोणी कारकून त्या खात्याला हळदकुंकू वाहून बसला आणि फरक शोधणे हेच पाप आहे म्हणू लागला, तर त्याला काय म्हणावे?

ईश्वर हे माणसाने आपल्या अज्ञानाचे काढलेले उचंत खाते आहे, असे आमचे नम्र मत आहे. या खात्यातून एकेक रक्कम कशी कमी होत गेली, याची साक्ष आपल्या मराठी भाषेनेच जपून ठेवली आहे. ज्या रोगाने लाखो लेकरे नेली आणि वाचलेल्यांच्या तोंडावर व्रण ठेवले, त्या रोगाला आपण 'देवी' म्हणत होतो. अंगावर फोड उठले की देवी आली म्हणायचे, औषध द्यायचे नाही, तिचा कोप होऊ नये म्हणून नवस बोलायचे. १८०२ मध्ये मुंबईत एका तीन वर्षांच्या मुलीला या रोगाची लस टोचली गेली, आणि पुढे लस टोचण्याच्या कामालाच लोक 'देवी काढणे' म्हणू लागले. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या दंडावर ती खूण आजही दिसेल. १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने हा रोग जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर केले. रोग देवीच्या कोपाने येत असता तर सुईने गेला नसता. कारण सापडले, कारण दूर केले, दुःख संपले. तथागतांचा प्रतीत्यसमुत्पाद याहून वेगळे काय सांगतो? हे असेल तर ते होते, हे नसेल तर ते होत नाही.

तेव्हा विश्वाच्या पहिल्या क्षणाबद्दल आपण "अजून माहीत नाही" एवढेच म्हणावे. असे म्हणण्यात कमीपणा नाही.

आपल्याच मंडळींना दोन शब्द

येथे आम्हाला आपल्याच काही वक्त्यांबद्दल बोलावेसे वाटते. अलीकडे धम्ममेळाव्यांतून आणि मोबाइलवर फिरणाऱ्या भाषणांतून सांगितले जाते की महास्फोटाचा सिद्धांत, अणू, झाडून सारे विज्ञान भगवान बुद्धांनी आधीच सांगून ठेवले आहे. टाळ्या पडतात. पण डॉ. मेघनाद साहा यांनी बंगालीत लिहून ठेवलेला अनुभव आठवावा. ढाक्याच्या एका नामांकित वकिलाने त्यांना त्यांचे संशोधन विचारले. साहांनी उत्साहाने समजावून सांगितले. वकीलसाहेब म्हणाले, यात नवे काय, हे सारे वेदांत आहेच! वेदांत कोठे, असे विचारताच ते म्हणाले की वेद आपण वाचलेले नाहीत, पण तेथे ते असणारच. या वृत्तीला आपण हसतो. मग 'वेद' पुसून तेथे 'त्रिपिटक' लिहिले तर ती शहाणपणाची होते काय?

या बाबतीत लमेत्र यांचे उदाहरण घेण्यासारखे आहे. ते शास्त्रज्ञ होते, तसेच कॅथलिक धर्मगुरूही होते. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी, विश्वाला आरंभ असल्याचे विज्ञानाने सांगितल्याने निर्मात्याला दुजोरा मिळतो, अशा आशयाचे भाषण केले. लमेत्र यांना ते रुचले नाही. आपला सिद्धांत धर्माच्या प्रश्नापासून पूर्ण अलग आहे, अशी त्यांची भूमिका होती. आपल्या श्रद्धेसाठीसुद्धा त्यांनी विज्ञान वाकविले नाही.

आणि विज्ञानाचे मत बदलू शकते. कोल्हापुरात जन्मलेले आणि २०२५ च्या मे महिन्यात दिवंगत झालेले डॉ. जयंत नारळीकर यांना महास्फोटाचा सिद्धांत शेवटपर्यंत पटला नाही. फ्रेड हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्याबरोबर १९९३ मध्ये त्यांनी वेगळा सिद्धांत मांडला. बहुसंख्य शास्त्रज्ञांनी तो स्वीकारला नाही. पण म्हणून त्यांना कोणी वाळीत टाकले नाही. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र केंद्राचे ते संस्थापक संचालक होते. मतभेद असूनही माणसाचा मान राखणे, ही विज्ञानाची रीत आहे. आता, धम्म महास्फोटावर उभा आहे असे आपण सांगितले आणि उद्या तो सिद्धांत बदलला, तर धम्मही बदलायचा काय?

तथागतांनी असा प्रसंगच ठेवलेला नाही. जग शाश्वत आहे की अशाश्वत, त्याला अंत आहे की नाही, हे सांगितल्याशिवाय मी आपल्याजवळ राहणार नाही, असे मालुंक्यपुत्त त्यांना म्हणाला. त्यावर त्यांनी विषारी बाण लागलेल्या माणसाचा दृष्टांत दिला. बाण मारणाऱ्याची जात कोणती, तो उंच की ठेंगू, धनुष्य कशाचे, हे कळेपर्यंत बाण काढू देणार नाही असे तो म्हणाला, तर कळण्याआधीच मरेल. विश्वाचा शोध शास्त्रज्ञांनी अवश्य घ्यावा, आपल्या मुलामुलींनी तर आवर्जून घ्यावा. पण दुःखाचा बाण काढण्याचे काम त्यासाठी थांबत नाही.

कर्ता आणि चातुर्वर्ण्य

कोणी म्हणेल, मग कर्ता मानला तर आपले काय बिघडते? बिघडते, आणि ते आपल्याइतके कोणाला माहीत असावे? ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील पुरुषसूक्तात विश्वाच्या उत्पत्तीबरोबरच मुखापासून ब्राह्मण आणि पायांपासून शूद्र जन्मल्याचे सांगितले आहे. गीतेच्या चौथ्या अध्यायात भगवान म्हणवणारा स्वतःच चार वर्ण निर्माण केल्याचे सांगतो. मनुस्मृती हा तर कायद्याचा ग्रंथ. पण त्याचा पहिला अध्याय विश्वाच्या उत्पत्तीपासून सुरू होतो आणि वर्णांच्या कामांपर्यंत येतो. कायद्याच्या पुस्तकाला विश्वोत्पत्तीची गरज का पडावी? कारण उघड आहे. राजाने केलेला कायदा दुसरा राजा बदलू शकतो. जगाच्या कर्त्याने केलेल्या कायद्यावर मात्र अपील कोठे करणार?

म्हणूनच २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली, तेव्हा कागदांबरोबर कर्त्याच्या नावाने मारलेला तो शिक्काही जळाला. लमेत्र यांचा लेखही त्याच वर्षीचा. हा योगायोगच, पण एकीकडे विश्व अचल नाही हे कळत होते आणि दुसरीकडे समाजही अचल नाही हे आपली माणसे दाखवीत होती.

अग्गञ्ञ सुत्तात तथागतांनी याच वासेट्ठ-भारद्वाजांना सांगितले आहे की ब्राह्मण स्त्रियाही इतर स्त्रियांसारख्याच गरोदर होतात, बाळंत होतात, मुलांना पाजतात. मग ब्रह्म्याच्या मुखातून जन्मल्याची गोष्ट कशी खरी मानावी? वर्ण हे माणसांच्या व्यवहारातून पडले, असे ते सांगतात. आज विज्ञान सांगते की सर्वांच्या रक्तातील लोह ताऱ्यांतलेच आहे. मुखाचे लोह वेगळे आणि पायाचे वेगळे, असे कोणत्याही प्रयोगशाळेत आढळलेले नाही.

दुःख सांगायचे कोणाला?

एक अडचण मात्र उरते, आणि ती वादाने सुटणारी नाही. ज्या माउलीचे लेकरू गेले, तिला रडायला, भांडायला, विचारायला कोणीतरी हवे असते. तिच्यापुढे १३८० कोटी वर्षांचा आकडा ठेवणे हा निर्दयपणा होईल. आपल्या आज्या-पणज्यांनी ज्या देवापुढे हात जोडले, त्याने त्यांना देवळाच्या पायरीवरही उभे राहू दिले नाही; तरी दुसरा आधार नव्हता म्हणून त्यांनी ते हात जोडले. त्यांच्या त्या हातांची थट्टा आम्ही कधीही करणार नाही.

पण किसा गोतमीची कथा आठवा. मेलेले मूल कडेवर घेऊन ती औषध मागत आली. "ही देवाची मर्जी" असे भगवान म्हणाले नाहीत, की पूर्वजन्मीच्या पापाचा दाखला त्यांनी दिला नाही. ज्या घरात कोणी मेलेले नाही तेथून मोहरी आण, एवढेच ते म्हणाले. दारोदार फिरताना तिला दुसऱ्यांचे दुःख दिसले, आणि तिने मुलाला निरोप दिला. कर्ता नसला म्हणून माणूस एकटा पडत नाही. शेजारचे घर असते. आपल्या वस्तीत कोणाकडे मयत झाली तर तेराव्याच्या जेवणावळीची चौकशी करण्यापेक्षा त्या घरी महिनाभर जाऊन बसणारे चारजण निघाले, तर त्या घराला कर्त्याची उणीव भासणार नाही.

आणखी एक गोष्ट घरातल्या घरात पाहण्यासारखी आहे. बावीस प्रतिज्ञा घेऊन आपण जुने देव सोडले. पण काही घरांत आता तथागतांच्या मूर्तीपुढेच मुलाच्या निकालासाठी नवस बोलला जातो, नोकरी लागली की "बुद्धाची कृपा" म्हटले जाते. जुन्या उचंत खात्यावर नवे नाव घालण्याचाच हा प्रकार आहे. मुलगी पास झाली ती तिच्या अभ्यासाने, आईने पहाटे उठून दिलेल्या डब्याने आणि शिष्यवृत्तीने. ज्याचे श्रेय त्याच्या खाती जमा करावे. बुद्धांना शरण जाणे म्हणजे त्यांच्याकडे मागणे नव्हे, त्यांनी दाखविलेल्या वाटेने चालणे होय.

तेव्हा यंदाच्या वर्षावासात कोणी मुलाने विश्व कोणी केले असे विचारले, तर पान उलटू नका. "कोणी केले असे मानण्याला पुरावा नाही, कसे झाले ते बरेच कळले आहे आणि उरलेले तू शोध," असे त्याला सांगा. जमल्यास नागपूरच्या रामन विज्ञान केंद्रासारख्या ठिकाणी त्याला न्या. न जमल्यास अवसेच्या रात्री गच्चीवर नाहीतर शेतात नेऊन आकाश दाखवा. आणि शेवटी हेही सांगा, की तारे कोणी लावले नसतील, पण वस्तीतला दिवा मात्र आपल्यालाच लावावा लागतो.

जय भीम!